धम्मपाल गांगुर्डे गाडी करतात

"मी गाडी करतो," असं धम्मपाल गांगुर्डे भर सभेत बोलून गेले आणि तिथंच सगळं बिघडलं.

मराठीत गाडी करणं म्हणजे काय, हे कोणालाही कळतं. फोन उचलायचा, ट्रॅव्हल्सवाल्याशी घासाघीस करायची, 'एसी चालतो ना नक्की?' असं दोनदा विचारायचं, की झाली गाडी. लग्नाला करतात, साखरपुड्याला करतात, मयतालाही करतात. गाडी करणाऱ्याच्या हाताला ग्रीस लागत नाही. धम्मपालांच्या मनातही दुसरं काही नव्हतं. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी आयुष्यात 'करतो' हा शब्द लिहिलाच नव्हता. त्यांच्या टेबलावर सगळं 'करण्यात येईल' असायचं. 'करण्यात येईल' ही फार सोयीची भाषा आहे. तिच्यात काम असतं, पण ते करणारा माणूस नसतो. अख्खं सरकार त्या भाषेत निवांत झोपलेलं आहे, आणि आमच्या विहार कमिट्याही त्याच अंथरुणात शिरल्या आहेत.

तर धम्मचक्र प्रवर्तन दिन होता. इंदिरानगरच्या विहारात वंदना झाली, खीर वाटायची होती आणि मधल्या वेळेत दरवर्षीचा ठराव आला : "येत्या वर्षी विहारातील ज्येष्ठांची लुंबिनी सहल आयोजित करण्यात येईल." दरवर्षी तो मंजूर होतो, टाळ्या पडतात, लोक खीर खाऊन घरी जातात आणि ज्येष्ठांतला एखादा वर्षभरात निघून जातो. यंदा मात्र मागच्या सतरंजीवरून लताबाई उठल्या. लताबाई म्हणजे मूळच्या सायखेड्याच्या; रामकुंडाजवळच्या, गंगेवरच्या बाजारात पालेभाजी विकण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आवाज असा, की रामकुंडावरून 'मेथीये' म्हणाल्या तर पलीकडच्या काठाची गिऱ्हाइकं वळावीत.

"करण्यात येईल, करण्यात येईल!" त्या कडाडल्या. "लय वर्षं ऐकती. करणार कोण ते बोला की!"

अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं, सचिवांनी खिरीच्या पातेल्याकडे पाहिलं. आणि ते बघवेना म्हणून धम्मपाल म्हणाले, "मी. मी गाडी करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच लताबाई त्यांच्या दारात. चहाला नको म्हणाल्या, बसल्यासुद्धा नाहीत.

"भाऊ, माघ पुनवेपातूर माझी बाजारातली जागा सखुबाईला देऊन आले. पहिली जायची तयारी, मग बाकीचं. आता तू हाल."

धम्मपालांच्या बायकोने, अंजलीताईंनी, हातातला कपबशीचा ट्रे खाली ठेवला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या त्या बाईंना बाजार ठाऊक होता. गंगेवरच्या बाजारात जागा ही कागदावर नसते, बुडाखाली असते. रोज बसेल त्याची जागा. बाई उठली आणि दुसरी बसली, की आधीचीने परत येऊन काय सांगायचं, हे बाजार ठरवतो. लताबाईंनी एका वाक्यावर विसंबून पोटाची जागा सोडली होती. आणि ते वाक्य होतं धम्मपाल गांगुर्ड्यांचं, ज्यांच्या वाक्यावर विसंबून त्यांच्या घरात कोणी गॅसही बंद करत नसे.

म्हणून धम्मपाल त्याच दिवशी ट्रॅव्हल्सवाल्याकडे गेले. काचेचं ऑफिस, आत मयूर नावाचा गोड बोलणारा पोरगा. त्याने 'काका, काका' करत रंगीत पत्रक पुढं केलं. काशी, प्रयाग, अयोध्या, चित्रकूट. लुंबिनीचं नाव अगदी खाली, बारीक अक्षरात, पुढं चांदणी काढलेली.

"ही चांदणी कशाची?" धम्मपालांनी विचारलं.

"टाईम राहिला तर, काका. तिकडं तसं बघण्यासारखं काय नाहीये."

"तिथं बुद्ध जन्मले."

"हां हां, ते आहेच. पण पब्लिक कसं, काशीला जास्त खुश होतं. आणि काका, तुमच्या लोकांना जेवण साधंच चालेल ना? म्हणजे मी तसं पॅकेज लावतो."

'तुमच्या लोकांना.' हे दोन शब्द धम्मपालांनी नोकरीत इतक्या वेळा ऐकले होते की त्यांचं कातडं तिथं निबर झालं होतं. पण चांदणी नवी होती. बुद्ध, टाईम राहिला तर! अडीच हजार वर्षं ज्याची वाट चालते आहे, त्याला या पोराने उरलेल्या वेळात बसवलं. धम्मपाल उठले.

"तुमची गाडी नको," ते म्हणाले. "गाडी मीच करतो."

"म्हणजे काका?"

म्हणजे काय, ते धम्मपालांनाही माहीत नव्हतं. पण बाहेर पडताना काचेचं दार त्यांनी असं लोटलं की ते हळूहळू, आवाज न करता, आपोआप मिटलं. हल्ली दारंसुद्धा माणसाला नीट रागावू देत नाहीत.

घरी अंजलीताईंचे मामा बसले होते. झुंबरमामा. पांढऱ्या मिशा, पायात लष्करी बूट, समोर पोह्यांची बशी. मामा सैन्यात होते. एवढं सांगितल्यावर पुढचं सगळं तेच सांगत. हकिकत ऐकून त्यांनी बशी खाली ठेवली. मामा बशी भरलेली असताना खाली ठेवतात, म्हणजे प्रकरण गंभीर.

"जावई, मिलिटरीचा ट्रक घे."

"ट्रक?"

"ट्रक नाही, हत्ती! माझं आयुष्य गेलं त्या ट्रकात. लडाख, सिक्कीम, कुठं नाही गेलो! लुंबिनी म्हणजे त्याला शतपावली."

शहाण्या माणसाने इथं थांबायला हवं होतं. पण अपमान झालेला शहाणा माणूस आणि वेडा माणूस यांत फरक एवढाच, की वेडा निदान कधीतरी झोपतो. आठवड्याच्या आत धम्मपाल आणि मामा सायखेड्याच्या रस्त्याला एका भंगारवाल्याच्या वाड्यात उभे होते. लष्करी लिलावातून आलेला एक ट्रक तिथं किती पावसाळे उभा होता, कोण जाणे. हौद्यात एरंडाचं झाड उगवलं होतं आणि ड्रायव्हरच्या सीटवर एक कोंबडी ठाण मांडून बसली होती. तिने या दोघांकडे असं पाहिलं, जसं सरकारी क्वार्टरमधलं बिऱ्हाड नव्या साहेबाकडे पाहतं.

"वजनावर देऊ का नगावर?" भंगारवाल्याने विचारलं.

"म्हणजे?"

"वजनावर घेतलं तर लोखंड. स्वस्तात पडंल. नगावर घेतलं तर गाडी."

मामा वजनाच्या बाजूने होते. धम्मपालांनी मात्र मान ताठ केली. "माणसं न्यायची आहेत यातून. नगावर."

निवृत्त हेडक्लार्कच्या आयुष्यातलं हे पहिलं शूर वाक्य. कोंबडीने तेवढ्यात एक अंडं दिलं, त्याचा अर्थ मामांनी शुभ लावला. धम्मपाल शुभ-अशुभ मानत नसल्याने त्यांनी नुसतं अंडं मानलं.

क्रेनने ओढत तो हत्ती इंदिरानगरात आला तेव्हा सोसायटीच्या गॅलऱ्या भरल्या. पुढचं चाक उचललेलं, मागून एरंड डुलतोय, आणि केबिनमध्ये मामा सलामी घेत बसलेले. चेअरमन सबनीस खाली धावले. सबनीसांचा स्वभाव असा, की ते तुम्हाला आधी सल्ला देतात आणि मग तुम्ही काय करताय ते विचारतात.

"गांगुर्डे, याला आधी ओव्हरऑईलिंग करून घ्या. कसला ट्रक आहे हा?"

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर सूचना लागली : 'सोसायटीच्या आवारात रणगाडे उभे करू नयेत.' यावर दुसरा कोणी भांडला असता. धम्मपाल दुखावले ते भाषेने. त्यांनी खाली बसून उत्तर लिहिलं : 'सदर वाहन हे रणगाडा नसून त्यास तोफ जोडलेली नाही, ही बाब आपल्या निदर्शनास आणण्यात येत आहे.' त्याखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं, 'मग जोडा की.' त्याच्याखाली आणखी कोणीतरी, 'पाणीपट्टी कधी कमी होणार?' आठ दिवस बोर्डावर असा पत्रव्यवहार चालला.

मग पोलीस आले. कोणीतरी फोन केला होता की वस्तीत लष्कराची गाडी संशयास्पद उभी आहे. हवालदाराने ट्रकाला प्रदक्षिणा घातली, कागद पाहिले, एरंडाच्या पानाला हात लावला आणि म्हणाला, "काका, ही गाडी संशयास्पद नाही. ही दया येण्यासारखी आहे." जाताना त्याने केबिनमध्ये बसून स्वतःचा फोटो काढून घेतला. मिशीला पीळ देऊन.

शेवटी ट्रक पंचवटीत, तपोवनाच्या अंगाला, फकिराच्या गॅरेजात हलवला. फकिरा मिस्त्री हा कोणत्याही इंजिनाशी बोलण्याआधी त्याला शिव्या द्यायचा; त्यातून दोघांची ओळख व्हायची. त्याने बॉनेट उघडलं, बराच वेळ आत वाकून राहिला, तोंड बाहेर काढलं.

"जाम हाय. पण मेलेलं नाय."

"सुटे भाग मिळतील?" धम्मपालांनी विचारलं.

"याचे? याचे भाग मिळत नसतात काका, घडवावे लागतात. अंबडला लेथवाले हायेत ओळखीचे."

तेव्हा धम्मपालांच्या लक्षात आलं, की मराठी भाषेने त्यांच्यावर सूड घेतला आहे. गाडी करतो म्हणाले होते, आणि आता ते खरोखरीच, एकेक तुकडा लेथवर कातून, गाडी करत होते.

मामांनी गॅरेजचा ताबा घेतला. रोज सकाळी येऊन ते हुकूम सोडत. "ते झाकण नीट बसव." फकिरा म्हणे, "मामा, त्याला गॅस्केट म्हणत्यात." "आमच्या पलटणीत झाकणच म्हणायचे." कधी ते तेलाच्या टाकीत डोकावून "अजून थोडं शिजू दे" म्हणत. एकदा त्यांनी रेडिएटरमधलं पाणी बोटाने चाखलं आणि मीठ कमी असल्यासारखा चेहरा केला. फकिरा आपल्याकडे का बघतोय असं धम्मपालांना वाटे. पण फकिरा संशयाने मामांकडे बघत असे.

आणि लताबाई! बाजारात जागा नाही, घरी करमत नाही. त्या पहिल्या दिवशी नुसत्या बघायला आल्या आणि फकिराने अख्ख्या गॅरेजभर उधळलेले नटबोल्ट पाहून त्यांचं डोकं फिरलं. त्यांनी गोणपाट अंथरलं, रॉकेलचा डबा मागवला, एकेक बोल्ट घासून पुसला आणि भाजीचे लावतात तसे त्यांचे वाटे लावले. बारक्यांचा वाटा वेगळा, जाड्यांचा वेगळा, आटे गेलेल्यांचा कोपऱ्यात, उरलेल्या पालकासारखा. फकिरा सवयीने एक उचलायला वाकला.

"वाट्यातलं उचलू नको!" लताबाई ओरडल्या. "काय पायजे ते सांग, मी देते."

"बावीसचा बोल्ट."

"किती?"

"एक."

"एक काय मागतोस भिकाऱ्यासारखा? दोन घे, वरती एक वायसर घाल म्हणते मी."

त्या दिवसापासून फकिराचं काम दुप्पट वेगाने चालू लागलं. एवढ्या वर्षांत त्याच्या गॅरेजात कधी मागितलेली वस्तू मागितल्या क्षणी मिळाली नव्हती.

पण दिवस जात होते. मार्गशीर्ष गेला, पौष आला. विहार कमिटीत कुजबुज सुरू झाली. आमच्या माणसांना सहल नेता येत नाही, पण नेणाऱ्याला खाली ओढायला लगेच कोरम पूर्ण होतो. 'सदर ठराव रद्द करण्यात यावा' अशी भाषा आली. कोणी म्हणालं, गांगुर्ड्यांनी ट्रक स्वतःच्या वाळूच्या धंद्यासाठी घेतलाय. ज्या माणसाने आयुष्यात वाळूत बोटाने नावसुद्धा लिहिलं नाही, त्याच्यावर हा आरोप!

त्यापेक्षा वाईट बातमी लताबाईंनी स्वतःच आणली. त्या दिवशी त्यांनी वाटे लावले नाहीत. नुसत्या गोणपाटावर बसून राहिल्या.

"सखुबाईनं छत्री रोवली," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?" धम्मपालांना कळेना.

"बाजारात बाई उसन्या जागी बसली, की डोक्यावर पदर घेऊन बसती. छत्री रोवली, म्हंजी ती आता हालत नाय. भाऊ, माझी जागा गेली. तिकडची गेली, आन् इकडची गाडी बी निघंना. लोक मला इचारत्यात, लुंबिनी कशी हाय गं लताबाई? मी काय सांगू? ग्रीससारखी हाय?"

धम्मपालांनी कोट काढला, बाह्या सारल्या आणि त्या दिवसापासून ते ट्रकाखाली आडवे होऊ लागले. त्यांना कशातलंच काही कळत नव्हतं. पण ज्याला काही कळत नाही त्याला निदान 'हे होणार नाही' असं म्हणता येत नाही, आणि फकिराला तेवढाच माणूस हवा होता. लेथवाल्याकडे हेलपाटे कोणी घालायचे, गंज कोणी खरवडायचा, पाट्याखाली जॅक कोणी धरायचा? हेडक्लार्क.

आणि एका सकाळी फकिराने शिवी देऊन सेल्फ मारला. काही नाही. दुसरी, जरा वरच्या दर्जाची शिवी दिली. ट्रक खोकला. तिसरी शिवी इथं छापता येणार नाही, पण तिच्यात ट्रकाच्या आजोळाचा उल्लेख होता, आणि त्यासरशी अख्खं तपोवन हादरलं. काळा धूर असा आला की गॅरेज दिसेनासं झालं. धुराच्या आतून लताबाईंचा आवाज आला, "उठला गं बाई, उठला!" समोरच्या आश्रमातले एक साधू बाहेर येऊन खोकत खोकत आशीर्वाद देऊन गेले. धम्मपालांनी तोही घेतला. धुरात कोण कोणाला काय देतंय ते कुठं दिसतं?

मग निघाला रंगाचा प्रश्न. फकिराने सांगितलं, की लष्करी हिरवा रंग ठेवून पासिंग होत नाही. तो रंग फौजेचा, खाजगी माणसाला चालत नाही. मामा हळहळले. सोसायटीत बातमी पोचताच सबनीस सल्ला घेऊन आले.

"क्रीम कलर द्या. डिसेंट दिसतो."

"निळा देणार आहे," धम्मपाल म्हणाले.

सबनीसांनी आवाज खाली आणला. सभ्य माणसं वाईट बोलताना आवाज खाली आणतात. तेवढीच त्यांची सभ्यता. "निळा नको हो, गांगुर्डे. उगाच कशाला? रस्त्यात लोक बघून काय समजतील?"

"बौद्ध आहेत असं समजतील. बरोबर समजतील."

सबनीस गेले. या माणसांना निळं आभाळ चालतं, निळी स्कूटर चालते, देवाचा घसासुद्धा निळा चालतो. ट्रक निळा झाला की त्यांना वारा बदलल्याचा भास होतो. ट्रक निळा झाला. असा गडद, की फकिराचं गॅरेज त्याच्यापुढं विटकं वाटू लागलं.

आता पासिंग. तपासणी करणारे इन्स्पेक्टर उंच, सडपातळ, कडक इस्त्रीचे. त्यांनी ट्रकाकडे बराच वेळ पाहिलं.

"हे नेमकं काय आहे? माल वाहणार?"

"नाही साहेब."

"प्रवासी भाडं?"

"नाही साहेब. आमचीच माणसं, आमचीच गाडी. आत राहायचं, झोपायचं, जेवायचं, पुढं जायचं."

"म्हणजे फिरतं घर. मग आत झोपायची सोय पाहिजे, बसायची पाहिजे, स्वयंपाकाची पाहिजे. ब्रेक दाखवा."

फकिराने ब्रेक दाखवले. ते इतके लागले, की धम्मपाल केबिनच्या काचेला जाऊन चिकटले. मग चेसिस नंबर. तो कागदावर पेन्सिल घासून उतरवून घेतात. पण फौजेने दर मुक्कामी एक हात रंग मारलेला, वरून आपला निळा. फकिराने खरवडायला घेतलं. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली बर्फातला पांढरा, त्याखाली वाळवंटातला पिवळा. एखाद्या जुन्या माणसाने एकेक बदलीचं गाव सांगावं, तसा ट्रक बोलत गेला. अखेर नंबर निघाला. इन्स्पेक्टर आता खुशीत आलेले दिसले. त्यांनी मामांचे बूट पाहिले.

"फौजेत होतात?"

"होय साहेब!" मामांनी टाच आपटली.

"मीही होतो. इकडं नंतर आलो. तुमची ट्रेड कोणती? काम काय होतं?"

इथं मामांच्या मिशा पहिल्यांदा खाली आल्या. सिव्हिलियन माणूस 'सैन्यात होतो' एवढ्यावर थांबतो. फौजी थांबत नाही.

"अं... ट्रकातच आयुष्य गेलं साहेब."

"ड्रायव्हर?"

"मागं. मागं असायचो."

"मागं काय करायचात?"

मामांनी धम्मपालांकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग बुटांकडे. "बटाटे सोलायचो," ते म्हणाले. "कुक होतो, साहेब. लंगरला."

फकिराने ओठ गच्च दाबले, पण त्याचं पोट हलत होतं. अख्ख्या थंडीत त्याला झाकणं बसवायला सांगणारा माणूस खरोखर झाकणांचाच अधिकारी निघाला होता! धम्मपालांना वाटलं, जमीन फाटावी आणि मामांनी आत जावं. पण इन्स्पेक्टर हसले नाहीत.

"उणे तापमानात गरम चहा देणारा माणूस काय असतो, ते मला विचारा," ते म्हणाले. "चला, स्वयंपाकघर दाखवा."

आणि मामांनी हौद्याची ताडपत्री वर केली. धम्मपालांनीही आत नीट पाहिलं नव्हतं. ट्रक कितीही हिसडला तरी पातेलं घसरणार नाही अशा लोखंडी कड्या, वर हुकात अडकवलेले पळी-झारे, पिठाच्या डब्याला पट्टा, पाण्याच्या टाकीला तोटी. त्यांनी उभ्या उभ्या पिठलं टाकलं, भाकरी थापली. इन्स्पेक्टरांनी आधी 'तपासणी म्हणून' खाल्लं, मग तपासणी विसरून खाल्लं. गाडी पास झाली.

निघायचा दिवस आला. विहारासमोर गर्दी. ज्या लोकांनी वाळूच्या धंद्याची बातमी उठवली होती, ते सर्वांत पुढं, हार घेऊन. वंदना झाली. फकिरा हात जोडून नीट उभा राहिला. ट्रक तोच चालवणार होता, कारण 'माझं इंजिन मी दुसऱ्याच्या पायाखाली देत नाय.' वंदना संपली आणि त्याने खिशातून लिंबं काढून चाकांपुढं मांडायला सुरुवात केली.

धम्मपाल पुढं झाले. "फकिरा, हे नको. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्यात."

"काका, तुमच्या प्रतिज्ञा तुमच्यापाशी. लिंबू चिरडल्याबिगर माझ्या गॅरेजातून रिक्षा बी भायेर पडली नाय."

"मग आपण निघू शकत नाही."

"मग मी बी नाय."

झालं. लगेच गर्दीत चर्चासत्र. कोणी म्हणे एकदा चालवून घ्या, कोणी म्हणे तत्त्वाशी तडजोड नाही, कोणी म्हणे समिती नेमा. अंजलीताईंनी कपाळाला हात लावला. एवढ्यात लताबाई वाकल्या आणि पुढच्या चाकासमोरचं लिंबू उचलून त्यांनी बोटाने दाबून पाहिलं. त्यांचा चेहराच बदलला.

"आरं ए फकिरा! असली पातळ सालीची, रसाची लिंबं चाकाखाली? भाजीवालीच्या डोळ्यांदेखत?" त्यांनी भराभरा सगळी गोळा करून पदराच्या ओट्यात टाकली. "चिरडायला नासकी आणावी रं, येवढी बी अक्कल नाय? वाटंत सरबत करू."

"म्हंजी लिंबं गाडीबरोबर येणार ना?" फकिराने विचारलं.

"माझ्या ओट्यात हायेत. दिसंना का?"

फकिराने विचार केला. लिंबू गाडीपाशी असलं म्हणजे झालं, खाली का वर याने काय फरक पडतो. धम्मपालांनीही विचार केला. चाकाखाली लिंबू नाही, म्हणजे प्रतिज्ञा शाबूत. दोघांचंही समाधान एकाच ओट्यात मावलं आणि फकिरा केबिनमध्ये चढला.

पुढची सीट धम्मपालांनी स्वतःसाठी धरली होती. उघड बोलले नव्हते. पण त्यांच्या डोळ्यांसमोर गेले कित्येक आठवडे तेच चित्र होतं : निळा ट्रक, पुढं आपण. पण वळून पाहतात तो लताबाई पायऱ्या चढून तिथं बसल्याही होत्या, मांडीवर पिशवी घेऊन.

"मावशी, तुमच्यासाठी मागं गादी घातलीय. मऊ."

"भाऊ, जल्मभर मागंच बसले," लताबाई म्हणाल्या. "टेम्पोत मुळ्याच्या जुड्यांवर बसून बाजार केला. पुढून रस्ता कसा दिसतो, ते बघायचं हाय."

पाटबंधारे खात्याने हरकत मागं घेतली. धम्मपाल मागं जाऊन बसले.

लिंबांचं सरबत ओझरच्या आतच संपलं. पिंपळगाव गेलं. मामा पट्टा बांधून कांदे चिरत होते, अंजलीताई बायकांना नकाशा दाखवत होत्या, सगळे गात होते. चांदवडच्या घाटात ट्रकाने खालचा गिअर घेतला, हौदा डावीकडून उजवीकडे झुलायला लागला आणि धम्मपाल गाता गाता मधेच थांबले. आयुष्यभर ते सायकलवर ऑफिसला गेलेले, लांब कुठं जायचं तर रेल्वेने. त्यांना गाडी लागते हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. एवढे महिने खपून त्यांनी जी गाडी केली, ती नेमकी त्यांनाच लागली.

फकिराने ट्रक कडेला घेतला. धम्मपाल उतरले, दगडावर बसले, व्हायचं ते झालं. रस्त्याने जाणाऱ्या कांद्याच्या ट्रकांनी हॉर्न वाजवून त्यात भाग घेतला. मग पांढरेफटक होऊन ते केबिनच्या दाराशी आले.

"मावशी," ते क्षीण आवाजात म्हणाले, "पुढं बसलं की लागत नाही म्हणतात."

लताबाईंनी त्यांच्याकडे खूप मायेने पाहिलं. पाण्याची बाटली दिली, डोक्यावरून हात फिरवला.

"भाऊ, एक जागा सोडून आले," त्या म्हणाल्या. "ही नाय सोडायची. तू मागं पड. रस्ता मी सांगत जाते तुला."

धम्मपाल हौद्यात गादीवर आडवे झाले, डोकं केबिनच्या मागच्या छोट्या खिडकीपाशी. ट्रक पुन्हा निघाला. लताबाईंनी खिडकी सरकवली आणि बाजारातल्या आवाजात सांगायला लागल्या. डावीकडं डोंगर हाय, एकदम उभा. आता वळण. समोर कांद्याची चाळ, लय मोठी. एक बाई चाललीय डोक्यावर गवत घेऊन, तिनं हात केला, मी बी केला. आता उतार लागला. आता सगळं सपाट, भाऊ, सपाटच सपाट, रस्ता पार आभाळापातूर गेलाय.

धम्मपालांनी डोळे मिटलेलेच ठेवले.

"अजून किती लांब आहे, मावशी?"

खिडकीतून जे उत्तर आलं, ते ऐकून हौद्यातले सगळे हसले, मामांची पळी हातातच राहिली, आणि धम्मपालांना पहिल्यांदाच बरं वाटलं.

"लय!" लताबाई ओरडल्या, आनंदाने. "लय लांब हाय अजून!"